प्रुइट विकायचा नाही

“हो म्हण आणि मोकळी हो,” वॉल्ट म्हणाला. “डेनीचं डोकं फिरलंय असं समज. असा सौदा तो पुन्हा द्यायचा नाही.”

“मी नाही म्हणून कळवलंय.”

“कधी?”

“आत्ता. तू आंघोळीला गेला होतास तेव्हा.”

वॉल्टने बायकोकडे पाहिलं. डोरीनने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि त्याच्यापुढे अंडी वाढली.

पार्मा या अमेरिकन गावातल्या सेडलाक कुटुंबात आणि शेजाऱ्यांत मिळून दहा जणांची लीग होती. प्रत्येकाचा आपापला कागदावरचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. त्यातले खेळाडू खरे, आणि रविवारी ते मैदानात जसे खेळतील तसे गुण मालकाला. इतरांच्या लीगमध्ये दरवर्षी पाटी पुसून नव्याने सुरुवात होते. इथे तसं नव्हतं. एकदा घेतलेला खेळाडू तुमचाच, तुम्ही त्याचा सौदा करेपर्यंत किंवा तो संपेपर्यंत. त्यामुळे खेळाडू घेताना लोक स्थळ बघावं तसं बघत. वय काय, गुडघे कसे, पुढची पाच वर्षं टिकेल का. आणि भावकीतली सगळी जुनी भांडणं या सौद्यांत मुरलेली होती.

डेनी हा वॉल्टचा धाकटा भाऊ. छपरं बसवायचा त्याचा धंदा होता आणि बोलणंही गिऱ्हाईक पटवल्यासारखं. काही वर्षांपूर्वी त्याने डोरीनच्या गळ्यात एक खेळाडू मारला होता. त्या खेळाडूवर बंदी येणार हे डेनीला कुठून तरी आधीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी बंदी आली. तेव्हापासून दर नाताळात, डोरीन समोर बसलेली असताना, तो तिच्या आवाजाची नक्कल करून ती गोष्ट सांगायचा. सगळे हसायचे. वॉल्टही हसायचा. डोरीन त्या हसण्याच्या वेळी वॉल्टचं तोंड बघायची.

आता डेनीला या मोसमाची विजेत्याची ढाल हवी होती आणि त्यासाठी टरेल प्रुइट हवा होता. चेंडू घेऊन धावणारा, तेवीस वर्षांचा, डोरीनच्या संघातला एकमेव हिरा. बदल्यात डेनी आपला तरुण क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, आणि पुढची दोन वर्षं नव्या खेळाडूंतून पहिली निवड करायचा आपला हक्क द्यायला तयार होता. कुठल्याही तराजूत घाला, डेनी देत होता तेच पारडं जड होतं. आणि सौद्यांची मुदत आजच संपत होती.

पण डोरीन हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर आणि पट्टे बांधायचं काम करत होती. आणि आदल्या दिवशी, दवाखाना उघडण्याआधी, मागच्या दाराने टरेल प्रुइट आला होता. सरावात गुडघा गेला होता. पूर्वी एकदा शिवलेला, तोच. डॉक्टरांनी दार लावून त्याला जे सांगायचं ते सांगितलं. मग डोरीनला आत बोलावलं. ती पट्टा आवळत असताना तो छताकडे बघत होता. मांडी एवढी दणकट, पण थरथरत होती.

“तुम्ही फुटबॉल बघता?” त्याने विचारलं.

“नाही,” डोरीन म्हणाली. “जास्त घट्ट होतोय का?”

दुपारी डेनीचा फोन आला.

“तुला नक्की काय हवंय? अजून काय काढून देऊ? किडनी?”

“काही नको. विकायचा नाही.”

“कारण सांग.”

“कारण नाही.”

“कारण तुला अक्कल नाही,” डेनी म्हणाला. “वॉल्टनं तुला लीगमध्ये घेतलं तेव्हाच मी त्याला बजावलं होतं. सोन्याचं ताट पुढं केलं तरी तू म्हणणार, मला भूक नाही.”

डोरीनने फोन ठेवला. लीगच्या पानावर डेनीचा सौदा अजून तसाच होता; फक्त ‘मंजूर’ दाबायचं होतं. तोंडातून एक शब्दही काढावा लागला नसता, आणि पुढच्या सगळ्या नाताळांना नक्कल करायची पाळी तिची आली असती. तिला त्याचा मोह झाला नाही असं नाही. तिने ते पान दोनदा उघडलंही. दोन्ही वेळा तिला ती थरथरणारी मांडी दिसली.

प्रुइटचा गुडघा गेला, आता तो खेळणार नाही, ही बातमी गुरुवारी सकाळी फुटली. त्याच दिवशी थँक्सगिव्हिंगचं जेवण सासूबाईंकडे होतं. डोरीन भोपळ्याचं गोड पक्वान्न घेऊन आत शिरली, तोच कोणीतरी तिच्या संघाला श्रद्धांजली वाहिली. वॉल्ट मान खाली घालून टर्की कापत राहिला.

डेनी मात्र गप्प होता. ती कोट ठेवायला आतल्या खोलीत गेली तेव्हा तो मागोमाग आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

“तो तुमच्या दवाखान्यात आला होता.”

डोरीनने कोट पलंगावर ठेवला.

“आला होता ना? तुला माहीत होतं.”

“कोण आलं, कोण गेलं, ते मी घरीसुद्धा बोलत नाही, डेनी.”

त्याचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

“म्हणजे तू माझ्यावर दया केलीस. तू. माझ्यावर.”

“नाही.”

“तुझ्या जागी मी असतो, तर त्याच क्षणी तुझ्या गळ्यात मारला असता.”

“ते मला माहीत आहे.”

“मग उपकार केलेस असं समजू नकोस.”

“मी तुझा विचारच केला नव्हता,” डोरीन म्हणाली.

हे त्याला सर्वांत जास्त लागलं. दार उघडून तो बैठकीत गेला आणि लगेच त्याचा मोठा आवाज आला. डोरीनच्या दाराशी नशीब चालून आलं होतं, पण बाईनं दार उघडलं नाही. मग तिच्या आवाजाची नक्कल: “विकायचा नाही.” बैठक हसली. त्या हसण्यात वॉल्टचा आवाज आहे की नाही, ते डोरीनने ऐकायचा प्रयत्न केला. कळलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. तिने ताट वाढून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून जेवू लागली. टीव्हीवर प्रुइटची बातमी सांगता सांगता गेल्या मोसमातली एक धाव दाखवत होते. डाव्या बाजूने निघाला, एकाला चुकवलं, दुसऱ्याचा हात झटकला आणि मोकळ्या हिरवळीवर सुटला. बैठकीत कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. डोरीनने हातातला काटा ताटात ठेवला आणि तो रेषेपार पोचेपर्यंत बघत राहिली.