अवनीचं नाव शेफालीच्या तोंडी

खालून भाजीवाल्याची हाळी आली आणि अवनीला काकडी हवीशी वाटली. "आई, का… का…" एवढं तिच्या तोंडून निघतंय तोवर हेमाताईंनी गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडली आणि ओरडून सांगितलं, "अर्धा किलो कारली द्या हो!" नारायण पेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात हे रोजचंच होतं. अवनीनं तोंड उघडायचं आणि तिचं वाक्य दुसऱ्या कुणीतरी संपवून टाकायचं. या मायेपायी पोरीनं लहानपणापासून किती नकोशी कारली खाल्ली, देव जाणे.

अवनी कॉम्प्युटर शिकलेली, पहिल्या वर्गात पास झालेली. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात तर असा हातखंडा, की कॉलेजातली पोरं आपलं काम तपासायला तिच्याकडे रांग लावायची. पण ती बोलताना अडखळायची, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या नावावर अडखळायची. हिंजवडीतल्या कंपन्यांचे उंबरठे झिजवून तिची दोन वर्षं गेली. लेखी परीक्षा उत्तम व्हायची. मग एखादा टाय लावलेला शहाणा म्हणायचा, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." हिचा 'अ' घशात अडकला, की लगेच पाण्याचा ग्लास पुढे यायचा. "रिलॅक्स. घाबरू नकोस." पाणी! जणू काही पोरीला ठसका लागला होता. ती घाबरलेली नसायचीच मुळी. पाणी पिऊन झालं की 'आम्ही कळवतो' असं ऐकायचं आणि घरी यायचं. अशा लोकांनी पुढे काही कळवल्याचं अजून कुणाच्या ऐकिवात नाही.

अवनीच्या वडिलांचे, म्हणजे श्रीनिवासरावांचे, थोरले बंधू दिगंबरराव. बँकेतून निवृत्त झाल्यापासून शेअर बाजार, परराष्ट्र धोरण आणि पुतणीची जीभ हे तीन विषय त्यांच्या अखत्यारीत आले होते. लहानपणी तिच्या जिभेवर वेखंड घासलं ते यांनीच, पाहुण्यांसमोर उभं करून स्तोत्रं म्हणायला लावलं तेही यांनीच. आता एका बड्या कंपनीची फोनवरची मुलाखत ठरल्याचं कळताच ते सकाळी सकाळी येऊन सोफ्यावर बसले.

"फोनवर तोंड दिसतं का? नाही ना? मग प्रश्नच मिटला. आमची शेफाली बोलेल, अवनी म्हणून."

शेफाली ही त्यांची लेक. विमा कंपनीत होती आणि समोरच्यानं विचारलं नसलं तरी घडाघडा बोलायची.

"अहो दादा, पण ही फसवणूक…" श्रीनिवासराव पुटपुटले.

"कसली फसवणूक? डिग्री हिचीच आहे ना? बुद्धी अवनीची, जीभ शेफालीची. समोर बोलावलं तर सांगायचं, घशाला सूज आहे, डॉक्टरांनी मौन पाळायला सांगितलंय."

"आणि नोकरी लागल्यावर?"

"एकदा आत शिरली की कोण बाहेर काढतंय?" बँकेत असंच आत शिरून सुखानं निवृत्त झालेल्या माणसाचं हे मत होतं, तेव्हा त्याला वजन तर असणारच.

"म… मला हे प… प…" अवनी म्हणाली.

"पटलं! बघा, तिलासुद्धा पटलं," हेमाताई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

अवनीला म्हणायचं होतं, पटत नाही. पण तिनं ते पुन्हा म्हटलं नाही. दोन वर्षं घरात बसून तिला कामाची अशी भूक लागली होती, की कुणाच्या का जिभेनं होईना, एकदा दार उघडू दे, असं क्षणभर तिलाही वाटून गेलं.

मुलाखतीच्या दिवशी फोन स्पीकरवर ठेवला गेला. अवनी लॅपटॉपवर उत्तरं टाईप करणार आणि शेफाली ती वाचणार. शेजारी दिगंबरराव नाटकाच्या दिग्दर्शकासारखे हात बांधून उभे. पलीकडे इंद्रजीत नावाचे कुणी मॅनेजर होते.

"हाय सर, मी अवनी!" शेफाली एका दमात म्हणाली.

अवनीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ज्या नावासाठी तिचा जबडा दुखून यायचा, ते नाव ही पोरगी शेंगदाणे फोडावेत तशी फोडून मोकळी झाली होती.

प्रश्न आले. अवनीची बोटं भराभर चालली. शेफालीनं सगळं वाचून दाखवलं, एका अक्षराचा अर्थ न कळता, पण काय तो झोक!

"एक्सलंट!" इंद्रजीतसाहेब खूष झाले. "खरं सांगू अवनी, असं क्लिअर बोलणारं हल्ली कुणी मिळतच नाही. परवा एक मुलगी फोनवर होती, तोतरी. तिचं एक वाक्य संपेना! आम्ही माईक म्यूट करून इतके हसलो ना!"

"हो का? सो फनी!" शेफाली खिदळली. दिगंबररावसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसले, ज्यांची तशीच एक पुतणी हाताच्या अंतरावर बसली होती ते!

अवनीनं फोन उचलून स्वतःच्या तोंडाशी धरला.

"मी अ… अ… अ…"

"हॅलो? अवनी? नेटवर्क जातंय तुमचं."

"ने… नेटवर्क ठीक आहे. मी अ… अवनी. आत्ता ब… बोलत होती ती माझी चुलत बहीण. उत्तरं मा… माझी होती."

मग साहेब म्हणाले, "ओह. मग एक करा ना, त्यांना इंटरेस्ट आहे का विचारा. कम्युनिकेशन टॉप आहे त्यांचं. टेक्निकल काय, आम्ही शिकवू."

घ्या! फसवल्याचा राग नाही की कामाची चाड नाही. जिला काही येत नाही ती चालेल, कारण ती अडखळत नाही. अवनीनं फोन बंद केला.

"हातातोंडाशी आलेला घास घालवलास!" दिगंबरराव कडाडले. "अक्कल गहाण टाकली आहेस का?"

"का… काका, मी… मा…"

"माफी मागतेय हो ती," हेमाताई घाईघाईनं म्हणाल्या.

"ना… नाही आई." अवनी उभी राहिली. "मा… माझं वाक्य म… मीच संपवणार. थांबा सगळे."

आणि सगळ्यांना थांबावं लागलं. दिगंबरराव घड्याळाकडे बघू लागले, शेफाली नखांकडे. अवनीचे ओठ थरथरले, मानेची शीर ताठ झाली, पण ती मध्ये थांबली नाही.

"ला… लाज तुम्हाला वाटते, आणि ग… गप्प मी बसते. आ… आता नाही बसणार."

दिगंबररावांनी चपला घातल्या आणि लेकीला घेऊन निघून गेले. श्रीनिवासराव त्यांना थांबवायला उठले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच हो, पण नाही उठले.

त्यानंतरच्या प्रत्येक अर्जात अवनीनं वरच लिहिलं, 'मी बोलताना अडखळते. माझ्या उत्तरांना वेळ लागेल. तेवढा नसेल तर कृपया बोलावू नका.' बऱ्याच जणांनी बोलावलं नाही. ठीकच झालं, निदान त्यांचं पाणी वाचलं.

काल दुपारी मात्र एका कंपनीतून तिला फोन आला. हेमाताई शेजारी कारली चिरत होत्या.

"हॅलो, आपण कोण बोलताय?" पलीकडून विचारलं.

"मी अ… अ…"

हेमाताईंचं तोंड सवयीनं उघडलं. मग त्यांनी सुरी खाली ठेवली, स्वतःच्याच तोंडावर हात दाबला आणि लेकीकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले तरी हात काढला नाही.

त्या फोनच्या पलीकडे आज ना उद्या तुम्हीच असाल, साहेब. नेटवर्कला दोष देऊ नका. माईक म्यूट करू नका. पाण्याचा तो ग्लास तुमच्याच हाताशी असेल, तो तुम्ही प्या, आणि मुलीला तिचं नाव पूर्ण सांगू द्या.