पाठ उचलायची नाही

पहाटे पावणेसहाला, वाघजाळी फाट्याच्या पुढे जिथे डांबरी रस्ता कालव्याला लागून वळतो, तिथे मारुती पांचाळ रस्त्याच्या कडेला पडला होता. डिसेंबरचे दिवस, उजाडायला अवकाश होता. पांचाळ कापसाच्या जिनिंगवर रखवालदार होता आणि पाळी संपवून सायकलवर घरी निघाला होता. त्याला कशाची तरी धडक बसली. कशाची, हा या प्रकरणातला वादाचा मुद्दा आहे. त्यानंतर दुधाची एक पिकअप तिथे आली, थांबली आणि निघून गेली. एवढ्यावर कुणाचा वाद नाही.

पिकअपमध्ये दोघे होते. कागदोपत्री एकच.

गाडी उद्धव खटके चालवत होता. मागे, रिकाम्या कॅनच्या आडोशाला, ताडपत्रीखाली दोन गाद्या एकावर एक टाकून त्याची बहीण दैवशाला उताणी पडली होती. ती जागी होती, पण तिला उठायची मनाई होती.

पोलीस भरतीचं ग्राउंड मारलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. माणूस दिवसभर उभा राहिला, बसला, चालला की मणके एकमेकांवर बसतात आणि उंची थोडी उतरते. रात्रभर पाठ टेकली की ती परत येते. पोलीस शिपाई व्हायला मुलीची उंची एकशे पंचावन्न सेंटीमीटर लागते. दैवशाला संध्याकाळी मोजली तर त्याच्या जराशी खाली भरायची, पहाटे मोजली तर जराशी वर. तालुक्याला भरतीची अकॅडमी चालवणारे माजी सैनिक गवळी सर तिला सगळ्यांसमोर म्हणायचे, "खटके, तू संध्याकाळी होमगार्ड आहेस आन् पहाटं पोलीस."

मागच्या भरतीत ती एसटीत उभी राहून गेली होती, मग मैदानाबाहेरच्या रांगेत ताटकळली होती. अर्ध्या सेंटीमीटरने गेली. मोजणाऱ्या बाईंनी पट्टी डोक्यावर टेकवली, वर केली आणि "पुढची" म्हणाल्या. त्याच रांगेतल्या एकीने उंची वाढवायला अंबाड्यात मेंदीचा गोळा लपवला होता, ती पकडली गेली. या वेळची भरती दैवशालासाठी शेवटची होती. पुढच्या भरतीला ती वयात बसणार नव्हती. सरांनी हुकूम दिला होता: आदल्या दुपारपासून आडवं व्हायचं, आणि मैदानाचं फाटक येईपर्यंत पाठ उचलायची नाही.

आईने तिला पडल्या पडल्याच दूधभाकरीचा काला भरवला.

"बाळंतिणीवानी पडली बघा पोरगी," आई म्हणाली. "आन् बाळ कुठंय?"

"उंचीचं बाळ हाय आई," उद्धव म्हणाला. "अर्ध्या सेंटीमीटरचं. दिसायचं न्हाई तुला."

पहाटे उद्धवने आणि शेजारच्या नामाने तिला बाजेसकट उचलून पिकअपपर्यंत आणलं. नामा म्हणाला, "सावकाश. ह्या कामाला खरं तर चौघं लागतेत." आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. दैवशाला हसली, तशी आई तिच्यावरही ओरडली, "हसू नको, हालशील!"

कालव्याच्या वळणावर उद्धवने ब्रेक मारला.

"काय झालं दादा?"

"माणूस पडलाय."

तो उतरला. ताडपत्रीमुळे दैवशालाला दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. पांचाळ शुद्धीवर होता. "टॅक्टर व्हता," तो म्हणाला. "उसाचा. लाईट नव्हता त्येला." थोड्या वेळाने म्हणाला, "माझी सायकल बघा हो."

उद्धव मागे आला आणि त्याने ताडपत्री उचलली. "शाले, उतर. नुसते पाय धर. मागं घेऊ, जाताजाता दवाखान्यात सोडू."

"दादा, उतरले तर गेलं."

"जिता हाय माणूस."

"म्हाईताय मला. ऐकायलेय की मी."

"मग?"

"तुझ्यानं एकट्यानं न्हाई का उचलत?"

"मांडी मोडलीय त्याची. एकट्यानं ओढला तर मरंल."

ती ताडपत्रीच्या कडेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "एकशेआठला फोन कर. ते येतेत, उचलतेत. त्यांचं कामच हाय ते."

उद्धवने स्वतःच्या मोबाईलवरून रुग्णवाहिकेला फोन लावला. ठिकाण नीट सांगितलं. नाव विचारलं तेव्हा "रस्त्यानं जाणारा" म्हणाला. गळ्यातला टॉवेल घडी करून त्याने पांचाळच्या डोक्याखाली ठेवला. कालव्याच्या भरावावरून सायकल वर आणली आणि बाभळीला टेकवून उभी केली. मग तो गाडीत बसला. मैदानाचं फाटक साडेसहाला बंद होणार होतं.

रुग्णवाहिका आली तोवर उजाडलं होतं. ग्रामीण रुग्णालयात पोचण्याआधी पांचाळ वारला. लवकर आणला असता तर वाचला असता का, याबद्दल डॉक्टरांनी काही लिहिलेलं नाही आणि त्यांना तसं कुणी विचारलेलंही नाही.

मैदानावर दैवशाला उंचीच्या पट्टीखाली उभी राहिली.

"टाचा टेकव. मान सरळ. श्वास सोड." बाईंनी आकडा मोठ्याने वाचला, "एकशे पंचावन्न पूर्णांक दोन." आणि म्हणाल्या, "पुढची."

त्यानंतर तिने आठशे मीटर मारले, शंभर मारले, गोळा फेकला. बाहेर आली तेव्हा उद्धव स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं.

"मेला का असंल गं त्यो?" त्याने विचारलं.

"मला इचारू नको."

परतताना ती त्याच्या शेजारच्या सीटवर बसली होती. कालव्याच्या वळणावर टॉवेल नव्हता. सायकल अजून बाभळीला टेकलेली होती.

त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यातले शेख जमादार घरी आले. रुग्णवाहिकेला ज्या नंबरवरून फोन गेला, त्याचा मालक त्यांनी काढला होता. त्यांनी पाणी घेतलं, बाजेवर बसले आणि उद्धवला समोर उभं केलं.

"फोन तुझाच?"

"व्हय."

"नाव का न्हाई सांगितलंस?"

"गडबडीत व्हतो."

"डेअरी आठला उघडते. पावणेसहाला कसली रे गडबड?"

जमादारांनी डायरी उघडली.

"गाडीत आणखी कोण?"

"कोन न्हाई. एकटाच."

दैवशाला स्वयंपाकघराच्या दारात होती. जमादार उठून पिकअपपाशी गेले. डाव्या कोपऱ्यात बंपर आत दबलेला होता.

"हे?"

"गोठ्याच्या खांबाला लागलं. दिवाळीत."

"आन् टॉवेल? टॉवेलबी खांबाखालीच ठेवला व्हतास का?"

"साहेब, म्या धडक दिली असती तर टॉवेल कशाला ठेवला असता? टॅक्टरनं उडवलं त्याला. त्योच म्हणला."

"कुणाला म्हणला?"

उद्धवने दाराकडे पाहिलं नाही. "मला."

"तुझ्याशिवाय कुणी ऐकलं?"

"न्हाई."

जमादारांनी सुस्कारा टाकला. ते वाईट माणूस होते, असं पुढेही खटक्यांच्या घरात कुणी म्हटलेलं नाही. "लेका, हंगामात कारखान्याच्या वाटंनं रोज शेकड्यानं टॅक्टर जातेत," ते म्हणाले. "कुठला धरू? फोन एकाचाच आला."

निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यूस कारण झाल्याचा आणि जखमीला टाकून पळाल्याचा गुन्हा उद्धववर दाखल झाला. जामीन झाला. पिकअप ठाण्याच्या आवारात जाऊन उभी राहिली. दुधाची लाईन डेअरीने दुसऱ्याला दिली.

दैवशाला त्या रात्री जेवली नाही. "मी सांगते," ती म्हणाली. "मी गाडीत व्हते, मी ऐकलं म्हणून सांगते."

"काय सांगशील? पोलीस व्हायला निघाले व्हते, म्हणून माणूस मरू दिला?" उद्धव म्हणाला. "यादी लागू दे आधी."

यादी लागली, तिचं नाव होतं. तेव्हा आई म्हणाली, पडताळणी होऊ दे. त्यानंतर "ऑर्डर हातात येऊ दे" हे दैवशाला स्वतःच म्हणाली. उद्धवने त्यावर मान हलवली आणि तो विषय त्याच्या बाजूने तिथेच संपला.

चारित्र्य पडताळणीला शेख जमादारच आले. या वेळी त्यांनी चहा घेतला. गावात कुणाशी भांडण, कुठे गुन्हा, कुठल्या मोर्चात सहभाग, असं सगळं विचारून झालं. मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "त्या दिवशी ग्राउंडला कशी गेलीस, बाई?"

"एसटीनं."

"फाट्यावरनं पहिली एसटी सातला. फाटक साडेसहाला बंद झालं. माझी पोरगीबी व्हती त्या दिवशी, मीच सोडायला गेलतो."

आईने पदर तोंडाला लावला.

"मामाच्या गाडीवर गेले," दैवशाला म्हणाली.

"असंल." जमादार चहा प्यायले. त्यांची नजर कोपऱ्यातल्या गुंडाळलेल्या दोन गाद्यांवर होती. "माझी पोरगी उंचीत गेली. जराशानं. आम्हाला काय म्हाईत, झोपवून न्यायचं असतं."

बाहेर उद्धव शेळीला पाला टाकत होता.

"हे बघ," ते हळू आवाजात म्हणाले. "गाडीत आणखी एक माणूस व्हतं, त्याचा जबाब घ्यायचा राहिला, असं मी लिहू शकतो. भावाचं वजन हलकं होईल. पण मग तुझा हा कागद आज माझ्यासंगं जायचा न्हाई, आन् पुढं कधी जाईल ते मला म्हाईत न्हाई. दोन्ही कागद एका पिशवीत मावत न्हाईत. सांग, कुठला नेऊ?"

दैवशालाने दारातून भावाकडे पाहिलं. त्याची पाठ तिच्याकडे होती.

"हाच न्या," ती म्हणाली.

जमादारांनी 'वर्तणूक चांगली' असं लिहिलं, खाली तिची सही घेतली, आणि जाताना तिला पहिल्यांदाच "मॅडम" म्हणाले. चप्पल घालताना ते आईला म्हणाले, "चहा झकास झाला, वहिनी." आईने रिकामी कपबशी उचलली.

दैवशाला सध्या प्रशिक्षण केंद्रात आहे. तिच्या तुकडीतल्या मुली तिला 'लांबडी' म्हणतात, कारण रांगेत ती सगळ्यांत शेवटी, बुटक्यांत उभी असते. कायद्याच्या तासाला निरीक्षकांनी विचारलं, अपघाताच्या जागी पोलीस पोचला की आधी काय. दोघी-तिघींनी पंचनामा सांगितला. दैवशालाने सांगितलं, "आधी जखमी, सर. बाकी सगळं नंतर." बरोबर, म्हणाले, आणि वर्गाला तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

उद्धवने यंदाच्या हंगामात दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायला घेतला आहे. ऊस कारखान्यावर नेतो. ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता, तो त्याने पहिल्याच दिवशी बसवला. मालक हसला, म्हणाला, "लग्नाची वरात काढायलास का?"

खटला सुरू झाला. पहिली साक्ष मारुती पांचाळच्या बायकोची झाली, तिचं नाव सोजरबाई. सरकारी वकिलांनी विचारलं तेवढं तिने सांगितलं: घरधनी किती वाजता निघायचे, कुठल्या वाटेने यायचे. मग खाली उतरायच्या आधी तिने आपणहून विचारलं, "सायकल कुणी उभी केली व्हती? माझं पोरगं आणायला गेलं तवा झाडाला नीट टेकवून ठिवली व्हती. उडवणारा माणूस सायकल कशाला उभी करंल?"

न्यायाधीशांनी तिला सांगितलं की साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात. उद्धव मागून "मी केली" म्हणाला. त्यालाही गप्प बसवण्यात आलं.

त्याच्या वकिलाने बाहेर आल्यावर त्याला धरलं. "ट्रॅक्टरचं त्या माणसाच्या तोंडून ऐकणारं तुझ्याशिवाय दुसरं कुणी असेल तर आत्ता सांग. तुझ्या एकट्याच्या सांगण्याला कोर्ट विचारत नाही." उद्धव म्हणाला, कुणी नव्हतं. वकिलाने पुढच्या तारखेपर्यंत विचार करायला सांगितलं. त्या तारखेनंतर साक्षीदाराचं नाव द्यायची सोय राहणार नाही, असंही सांगितलं.

घरी फोन झाला तेव्हा आईने हे सगळं दैवशालाला सांगितलं. उद्धव फोनवर आला नाही. ट्रॅक्टरवर आहे, आई म्हणाली. मागून त्याचा खोकला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी दैवशालाने एका दिवसाच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी 'घरगुती काम' असं लिहिलं होतं. साहेबांनी तिला समोर बोलावलं.

"घरगुती म्हणजे? लग्न, मयत, आजार?"

ती सावधानमध्ये उभी होती.

"खटके, प्रशिक्षणात मोघम चालत नाही. काय काम ते स्पष्ट लिही, मग सही करतो."

अर्ज तिला परत देण्यात आला. ही बुधवारची गोष्ट. उद्धवची तारीख सोमवारी आहे. शुक्रवारी संध्याकाळी कार्यालय सोमवारपर्यंत बंद झालं, तोवर तो अर्ज पुन्हा आलेला नव्हता.