विन्स्लेडचे डाग

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझे अंग पितळेचे आहे आणि मन अजिबात मवाळ नाही, हे आधीच सांगतो. केलेला अपमान मी विसरत नाही.

कारखान्यात माझी भिंगे घासणाऱ्या म्हाताऱ्याने मला उजेडाकडे धरले होते. "पठ्ठ्या, तुझ्यापासून काही लपायचं नाही," असे तो म्हणाला होता. तिथून मी कॅनडात, सास्काटूनच्या एका प्रयोगशाळेत आलो. औषध कुठे संपते आणि विष कुठे सुरू होते, याचा शोध तिथे चाले. तिथेच मला ओलेस्या हनातिव भेटली. युक्रेनहून आलेल्या गहू पिकवणाऱ्याची ती मुलगी. ती तासन् तास माझ्यावर वाकून बसे आणि मला त्याचा फार अभिमान वाटे.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. एडगर विन्स्लेड यांनी सांधेदुखीवर एक गोळी शोधली होती. ओलेस्याने ती उंदरांना दिली आणि त्यांच्या यकृताचे पातळ काप माझ्याखाली ठेवले. शिरांभोवतीच्या पेशी मेल्या होत्या. जागोजागी तपकिरी डाग दिसत होते.

विन्स्लेड माझ्याकडे धड वाकलेही नाहीत. "रंग नीट चढला नाही, हनातिव. तुमचं ते युक्रेनी बीटाचं सूप ढवळलेल्या हातांनीच काचपट्ट्या रंगवल्यात वाटतं?"

सगळे हसले.

"सर, मी पुन्हा पुन्हा करून पाहिलंय."

"मग आता पुरे. आणि हा डबाही घेऊन जा तुमच्याबरोबर. मोतीबिंदू झालाय त्याला."

मला! मोतीबिंदू!

आम्हा दोघांची रवानगी तळघरात झाली. वर उंदरांचे पिंजरे धुतले जात आणि ते पाणी आमच्या छतातून ठिबके. ओलेस्या रोज माझी भिंगे पुसे आणि दात आवळून म्हणे, "बघून घेऊ."

गोळी बाजारात आली आणि धडाक्यात खपली. ओलेस्याची शेजारीण पाराश्का मावशीही ती घेऊ लागली. ओलेस्याने तिच्या हातापाया पडून पाहिले.

"अगं पोरी, एवढा मोठा डॉक्टर चुकला आणि तू तेवढी शहाणी?" मावशी म्हणाली. "गुडघे दुखायचे थांबलेत माझे. माझ्या पेत्रोच्या लग्नात नाचायचंय मला."

गव्हाची कापणी होईतो मावशी हळदीसारखी पिवळी पडली आणि गेली. तिचा मुलगा पेत्रो याने परवानगी दिली, तेव्हा तिच्या यकृताचा काप माझ्याखाली आला. तेच डाग! ओलेस्या रडली नाही. "आता त्या विन्स्लेडला सोडायचं नाही," एवढेच ती म्हणाली.

त्यानंतर तिने गावोगावच्या रुग्णालयांतून असेच काप मागवले. लोक तिला वेडी म्हणाले. तिची उमेदीची वर्षे त्या तळघरात गेली.

विनिपेगला विन्स्लेड यांचा सत्कार ठरला. ओलेस्या मला शालीत गुंडाळून आगगाडीने घेऊन गेली आणि भर सभेत एक काप लावून तिने मला त्यांच्यासमोर ठेवले.

"सर, एकदा बघा."

"गरज नाही."

तेव्हा पहिल्या रांगेतले एक वृद्ध डॉक्टर उठले. त्यांनी पाहिले आणि ते बराच वेळ मान वर करीनात. मग माझ्यापुढे रांग लागली. सर्वांत शेवटी विन्स्लेड वाकले. मित्रांनो, इतके स्वच्छ मी आयुष्यात कधी दाखवले नव्हते!

"हे... उंदराचं आहे?"

"नाही. माझ्या शेजारणीचं."

गोळीवर बंदी आली आणि विन्स्लेड यांची खुर्ची गेली. ओलेस्याचे मात्र तेवढ्याने समाधान झाले नाही. त्या विकाराला नाव देण्याचा मान तिचा होता. सहकारी म्हणाले, तुझेच नाव दे. तिने नाव दिले 'विन्स्लेड-व्रण'.

एके सकाळी तो माणूस टोपी हातात घेऊन तळघरात उतरला. "माझं नाव काढा, हनातिव. उद्या माझी नातवंडं डॉक्टरी शिकली तर?"

"तर परीक्षेत हा प्रश्न त्यांना अडणार नाही."

तो डोक्यावर टोपी ठेवून जिना चढून गेला. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. ओलेस्या हसेल असे मला वाटले होते, पण ती माझी भिंगे पुसू लागली. "मावशी छान नाचली असती रे," ती मला म्हणाली.

ओलेस्या आता नाही. मी काचेच्या कपाटात आहे आणि माझ्यावर धूळ साचते. मित्रांनो, माझी भिंगे पुसत जा. डाग दिसला तर डागच म्हणा, मग समोर कोणीही असो. नाहीतर नावे ठेवायला आम्ही बसलोच आहोत.