तांदळाची पिशवी परत आली

नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी पुढ्यात ठेवली की पौडात कुणाचंही तोंड उघडतं, हा रिहे गावच्या गोजराबाईंचा आयुष्यभराचा अनुभव. कंपाउंडर असो नाहीतर शिंपी, सगळे आपसूक बोलू लागत. सून वैष्णवी दर गुरुवारी पौडला ज्या समुपदेशक बाईंकडे जायची, त्या स्वरदाताईंच्या टेबलावरही त्यांनी पिशवी ठेवली आणि थेट विचारलं, "आमची सून घर सोडून जायचं म्हणतीया का?"

पाचव्या महिन्यात पोटातलं बाळ गेल्यापासून वैष्णवी घरात कुणाशी बोलत नव्हती. ती माहेरी निघून जाईल, या धास्तीनं गोजराबाईंना घास गिळवत नव्हता.

"इथं कोण येतं, काय बोलतं, हे मी कुणालाच सांगत नाही," असं म्हणत स्वरदाताईंनी पिशवीही परत सरकवली.

"अवो, मी सासू हाय तिची! परकी न्हाई!"

"सासूला नाही, नवऱ्यालाही नाही. कुणाच्या जिवावर बेतणार असेल तरच."

गोजराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढीशी पोरगी आणि ताठा बघा! पिशवी उचलून त्या तरातरा दारापर्यंत गेल्या. तिथं मात्र थबकल्या.

"मंजी मी काय बोलले, तर तेबी कुणाला सांगणार न्हाई?"

"नाही."

"वैष्णवीलाबी?"

"कुणालाच नाही."

सून आपल्याकडे येते म्हणून स्वरदाताईंनी त्यांना शेजारच्या खोलीत, आपल्या सहकारी समुपदेशक गौतमीताईंकडे नेऊन बसवलं. गोजराबाईंची पहिली लेक बारशाआधीच गेली होती. तिच्यासाठी मनात ठरवलेलं नाव त्यांनी त्या खोलीत पहिल्यांदा तोंडानं उच्चारलं आणि पदरात तोंड खुपसून पोटभर रडल्या.

परतीच्या एसटीत त्यांना स्वरदाताईंचे पाय धरावेसे वाटत होते. तोंड न उघडल्याबद्दल कुणाचे उपकार मानायची ही त्यांची पहिलीच वेळ.

त्याच तांदळाचा मऊ भात रांधून त्यांनी वैष्णवीपुढं ताट ठेवलं. "मी तुला आता काय इचारणार न्हाई, पोरी. मनात आलं तर सांग, न्हाईतर ऱ्हाऊ दे."

वैष्णवीनं भाताचा पहिला घास घेतला.

"आत्या, मी बाळाचं नाव ठरवलं व्हतं."

गोजराबाईंचा हात तिच्या पाठीवर गेला. "मीबी ठरवलं व्हतं गं, माझ्या पयल्या लेकीचं."

मग दोघींनी एकमेकींना ती नावं सांगितली. काय होती, ते इथं सांगायचं नाही.