रिकाम्या बसची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. अंगाने पातळ, रंगाने पिवळी आणि पोटावर तीनच शब्द : बस रिकामी आहे. तीन शब्दांत केवढं खोटं मावतं, ते मला विचारा.

कपाटाची पाठ कापून उरलेल्या प्लायवुडच्या तुकड्यातून एका रंगाऱ्याने मला घडवलं. त्याने ‘बस’ आणि ‘रिकामी’ इतकं ऐसपैस लिहिलं, की बिचाऱ्या ‘आहे’ला कोपऱ्यात अंग चोरून बसावं लागलं. मला करून घेतलं होतं बसच्या आवारातल्या देखरेखीच्या बाईंनी. बाई कमी बोलत, पण त्यांचं बोलणं भिंतीवर खिळा ठोकल्यासारखं असे. त्यांनी नियम घातला. शेवटच्या थांब्यानंतर बस आवारात आणायची, गाडी बंद करायची, जागेवरून उठायचं, एकेक बाक आणि बाकाखालची जागा बघत शेवटपर्यंत जायचं आणि मागच्या काचेत पाटी टांगायची. ती पुढे टांगली तर काय बिघडतं, असं एका ड्रायव्हरने विचारलंच. बाई म्हणाल्या, “पाटी दिसावी म्हणून नाही टांगायची. तुम्ही मागपर्यंत जावं म्हणून टांगायची.”

हे मी पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

माझ्या बसचे ड्रायव्हर म्हणजे शाळेच्या मुलांचे काका. माणूस चांगला. खड्डा दिसला की ब्रेक इतका हळुवार दाबत, की मुलांच्या बाटलीतलं पाणीसुद्धा हिंदकळत नसे. दार लागल्याशिवाय त्यांनी गाडी कधी हलवली नाही. चालवताना फोन उचलला नाही, अगदी बायकोचा असला तरी, आणि त्याबद्दल घरी जाऊन बोलणी खाल्ली. पहिली दोन वर्षं ते रोज अकरा बाक ओलांडून माझ्यापर्यंत येत. कधी त्यांना बाटली सापडे, कधी एकाच पायाचा बूट. एकदा एक दुधाचा दात सापडला, तर तो कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी ज्याचा त्याला परत केला. मला टांगताना ते माझ्यावर हलकेच टिचकी मारत. ती मला शाबासकीसारखी वाटे.

मग त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला.

अकरा बाक जायचे, अकरा बाक यायचे, तेही वाकून बघत. एके दिवशी काकांनी घरून बारीक मजबूत दोरी आणली. ती माझ्या भोकातून ओवली, मागच्या काचेवरच्या हुकावरून घेतली आणि छतालगतच्या दांडीवरून थेट स्वतःच्या बाजूला आणून बांधली. दोरी ओढली की मी छताला चिकटायची. सैल सोडली की काचेत येऊन उभी राहायची, पडदा पडावा तशी. उठायचं कामच नाही. आवारातले बाकीचे ड्रायव्हर बघायला आले. डोकं आहे बुवा माणसाला, असं सगळे म्हणाले. आठवड्याभरात आणखी तीन बसना दोऱ्या लागल्या. मागचं कसं दिसणार, असं कोणी विचारलं तर काका वरच्या आरशाकडे बोट दाखवत. आरशात सगळं दिसतं म्हणत.

आरशात बाकांच्या पाठी दिसतात, मित्रांनो. बाकावर मुटकुळं करून झोपलेलं मूल दिसत नाही.

आणि खरं सांगू? मला ती दोरी आवडली होती. झोका खाल्ल्यासारखं वाटायचं. एवढंच काय ते माझ्या मनात आलं.

शेवटच्या बाकावर, बरोबर माझ्याखाली, पहिलीतली एक मुलगी बसायची. बडबड इतकी, की सगळे तिला चिमणी म्हणत. त्या दिवशी चिमणी गप्प होती. रात्रभर खोकून झोप झाली नव्हती, असं तिच्या आईने बसमध्ये चढवताना सांगितलं होतं. दप्तर उशाला घेऊन ती बाकावर आडवी झाली. शाळा आली. मुलं दारात ढकलाढकली करत उतरली. काकांनी रोजच्यासारखं जागेवरूनच विचारलं, सगळे उतरले का रे? आणि उतरणाऱ्या मुलांनी मागे न बघता रोजच्यासारखाच सूर लावला, होऽऽ.

बस आवारात आली. काकांनी धूळ नको म्हणून काचा लावल्या होत्याच. दोरी सैल सोडली. मी धपकन काचेत आले आणि साऱ्या आवाराला सांगून टाकलं, बस रिकामी आहे. काकांनी दाराला कुलूप घातलं आणि ते सावलीत चहाला गेले.

शाळेत वर्गाच्या बाईंनी चिमणीची गैरहजेरी मांडली. घरी आईला वाटलं, ती शाळेत आहे. आणि ती जिच्या अगदी खाली झोपली होती, ती मी मात्र खाली न बघताच काचेत उभी राहून भलतंच सांगत होते.

ऊन चढलं. बसचं छत तापलं. चिमणी जागी झाली, घामाने न्हायली होती. तिने काकांना हाका मारल्या, मग आईला. काचेवर हात आपटले. बस झाडणारी मावशी बादली घेऊन जवळूनच चालली होती. आवाज ऐकून ती थबकली. तिने वर पाहिलं. चिमणी माझ्यामागे झाकली गेली होती. मावशीने मला वाचलं, छतावर कबुतर नाचत असेल असं पुटपुटली आणि पुढे गेली.

मला पुसून टाकता आलं असतं, तर मी स्वतःला त्या क्षणी पुसलं असतं.

नंतर चिमणीने बाकावर उभं राहून मला दोन्ही हातांनी ओढलं. मला वाटलं, रागाने ओढतेय, आणि ते योग्यच होतं. दोरी तुटली. पण तिला फक्त वारा हवा होता. तिने माझा पंखा केला. आधी भरभर, मग सावकाश. मग तिचा हात थांबला आणि मी तिच्या पोटावर पडून राहिले.

रिकाम्या बादलीने परतताना मावशीने पुन्हा मागची काच पाहिली. पाटी नव्हती. पाटी नाही म्हणजे बस तपासलेली नाही, हा देखरेखीच्या बाईंचा नियम तिला पाठ होता. ती काकांकडे गेली. काका म्हणाले, दोरी तुटली असेल, बघतो सावकाश, आत्ताच बसलोय, गुडघा ओरडतोय.

“मग किल्ली द्या,” मावशी म्हणाली. “माझे गुडघे अजून बोलायला शिकले नाहीत.”

थोड्या वेळाने ती बसच्या दारातून ओरडली, तेव्हा काका त्याच गुडघ्याने असे धावले, की चहाचा पेला कुठे पडला हे कोणालाच कळलं नाही.

चिमणी वाचली. तीन दिवस दवाखान्यात होती. चौथ्या दिवशी तिची आई देखरेखीच्या बाईंच्या खोलीत आली. मीही तिथेच टेबलावर होते. काकांनाही बोलावलं होतं. ती येण्याआधी एका ड्रायव्हरने त्यांच्या कानात सांगितलं होतं, मागे जाऊन आलो म्हण, पोरगी बाकाखाली लपली असेल म्हण, पाटी लागलेली तर सगळ्यांनी पाहिलीय. म्हणजे आणखी एक खोटं, आणि त्यालाही साक्षीदार मीच.

आई ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, “तुम्ही मागे गेला होतात का?”

काकांनी खिशातून तुटलेली दोरी काढली आणि माझ्या शेजारी ठेवली.

“नाही गेलो ताई. वर्षभर गेलो नाही.”

आईने त्या दोरीकडे पाहिलं आणि ती निघून गेली. माफ केलं असं ती तेव्हा म्हणाली नाही, नंतरही नाही.

सगळ्या बसच्या दोऱ्या त्याच दिवशी कापल्या गेल्या. काकांची गाडी सहा महिने काढून घेतली. त्या दिवसांत ते नव्या ड्रायव्हरांना बाकांमधून चालायला शिकवत. बाकावर हात ठेवा, खाली वाका, मग पुढे, असं सांगत. मान वर करून मात्र बोलत नसत. आता ते पुन्हा माझ्या बसवर आहेत. गुडघा तसाच आहे. अकरा बाक ओलांडून येतात, मला टांगतात. टिचकी मारत नाहीत. रंगारी मला नवा रंग द्यायला आला होता. माझ्या कडेवर चिमणीच्या घामेजल्या बोटांचे डाग आहेत. काकांनी त्याला परत पाठवलं.

चिमणी आता दुसरीत आहे. पुढच्या बाकावर बसते, आईने तसं बजावलंय. काका अजूनही विचारतात, सगळे उतरले का? मुलं अजूनही होऽऽ म्हणतात. चिमणी तेवढी म्हणत नाही. आधी शेवटपर्यंत चालत येते, माझ्याखालच्या बाकावर हात फिरवते, बाकाखाली बघते, आणि मग उतरते. ती इथवर आली की मला तिच्याकडे बघवत नाही.

मित्रांनो, तुमच्या बसच्या काकांना मागपर्यंत जायला सांगा. ते त्यांचं काम आहे आणि गुडघा दुखला तरी ते त्यांचंच राहतं. पण तुम्हालाही कोणी विचारलं, सगळे उतरले का, तर लगेच हो म्हणू नका. आधी मागे वळून बघा. मी न बघताच हो म्हणाले होते.