चौसष्ट नंबरची बोटं

ट्रेवियन गिलरीला प्रश्न विचारायची खोड होती. लुइझियानातल्या ओपेलुसासहून अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघाच्या शिबिराला निघताना ती काही त्याने घरी ठेवली नव्हती. कोचने दोन पावलं डावीकडे सरक म्हटलं, की हा विचारणार, दोनच का? पहिल्याच आठवड्यात लाइनबॅकरांच्या, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतल्या गड्यांच्या, खोलीत त्याचं नाव ‘चौकशी खिडकी’ पडलं. कॉलेजातल्या खेळाडूंची निवड झाली तेव्हा त्याला एकाही संघाने घेतलं नव्हतं, या संघाने नुसतं ‘येऊन बघ’ म्हटलं होतं. अशा पोराने खरं तर मान खाली घालून पळावं. पण स्वभावाला औषध नाही.

ऑगस्ट संपत आला होता. मंगळवारी नव्वदातले त्रेपन्न राहणार, बाकीचे घरी जाणार. बचावाच्या मधल्या फळीत एकच जागा उरली होती आणि तिच्यावर दोघांचा डोळा होता. एक बावीस वर्षांचा ट्रेवियन आणि दुसरा तेहतीस वर्षांचा रोलँड पेटवे, अकरा हंगाम खेळलेला, गुडघ्यांना पट्ट्या आणि जिभेला धार. खोलीत दोघांच्या खुर्च्या आणि कपाटं शेजारी. ट्रेवियन त्याला ‘मिस्टर रोलँड’ म्हणायचा, कारण त्याच्या घरी मोठ्यांना नुसत्या नावाने हाक मारली तर पाठीत धपाटा बसे.

“मिस्टर म्हणे,” पेटवे कुरकुरायचा. “माझी जागा खायला आलायस आणि वर मिस्टर.”

“आईने शिकवलंय.”

“मग आईला सांग, बुधवारच्या चिकनबरोबर बिस्किटंही आणायची असतात हे शिकव म्हणावं.”

बुधवारी सगळ्यांसाठी तळलेलं चिकन आणि सोबत पावासारखी मऊ बिस्किटं नवख्याने आणायची, ही त्या खोलीची रीत होती. दुसरी रीत त्याहून कडक, आणि ती पेटवेनेच पाडलेली. समोरच्या संघाचे व्हिडिओ बघताना ज्याला जे दिसेल ते त्याने फळ्यावर लिहायचं. खिशात काही ठेवायचं नाही.

त्या मंगळवारच्या आदल्या आठवड्यात, सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ट्रेवियन एकटाच व्हिडिओ बघत बसला. शनिवारी शेवटचा सराव सामना होता. समोरच्या संघाचा चौसष्ट नंबर म्हणजे चेंडूवाल्याला वाट करून देणारा, दाराएवढा रुंद गडी. चेंडू सुटायच्या आधी तो ओणवा होऊन उजवा हात जमिनीवर टेकायचा. सगळे त्याचे खांदे बघत, पाय बघत. ट्रेवियनला मात्र प्रश्न पडला, हा बोटांचं काय करतो?

त्याने चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा थांबवलं. कधी बोटं गवतात रुतलेली, सांधे वाकलेले. कधी नुसती टेकलेली, गरम तव्याला लावावीत तशी. बोटं रुतली की चेंडू घेऊन धाव. बोटं हलकी की चेंडू फेकणार. त्याने चाळीस डाव तपासले, अडतीस वेळा बरोबर. ट्रेवियन खुर्चीतून उठला आणि एकटाच हसला. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही.

मग त्याची नजर फळ्याकडे गेली आणि हसू मावळलं.

हे लिहिलं तर ते पेटवेलाही कळणार. शनिवारी पहिला अर्धा खेळ पेटवे खेळणार होता, दुसरा हा. पेटवेने आधीच सगळे डाव हाणून पाडले, तर मंगळवारी घरी कोण जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. त्याने आईला फोन लावला. ती पेट्रोल पंपाच्या दुकानात बूदँ, म्हणजे भात भरलेले सॉसेज, विकायची, मागे गिऱ्हाइकांचा गलका चालू होता.

“ममा, एखादी गोष्ट फक्त आपल्यालाच कळली असेल तर?”

“तुला? आणि तू गप्प बसशील?” आई म्हणाली. “कोणाला फसवतोयस?”

ट्रेवियनने फळ्यावर लिहिलं: ‘६४. बोटं रुतली की धाव, हलकी की फेक.’ आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

पेटवेने ते वाचलं, आणि व्हिडिओ चार वेळा मागे-पुढे केला.

“सहा वर्षं खेळतोय मी या माणसाशी,” तो म्हणाला. “सहा.”

शनिवारी पेटवे मैदानात होता आणि ट्रेवियन कडेला उभा होता. चौसष्ट नंबर ओणवा झाला की पेटवे बोटं बघायचा आणि ओरडायचा, “धाव! धाव!” प्रत्येक वेळी खरं. बाकीचे वेळेवर पोचत होते. पेटवे स्वतः मात्र दर वेळी अर्ध्या पावलाने मागे पडायचा, हाताला नुसती जर्सी लागायची. ट्रेवियनला कोडं पडलं. ठाऊक असून उशीर का होतोय?

दुसऱ्या अर्ध्यात ट्रेवियन उतरला. बोटं रुतली, हा सुटला. तीन वेळा त्याने चेंडू घेतलेल्या गड्याला जागच्या जागी आडवा केला.

मंगळवारी सकाळी डेल आला. घरी जायचा निरोप सांगायचं काम त्याचं, म्हणून तो दारात दिसला की सगळे बुटांच्या नाड्या बांधू लागत. त्याची पावलं दोघांच्या कपाटांपाशी थांबली.

“रोलँड, साहेबांनी बोलावलंय. टॅबलेट घेऊन ये.”

डावांचा टॅबलेट परत मागितला म्हणजे नारळ, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रेवियनला आधी हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. पेटवे वीस मिनिटांत परत आला आणि पिशवी भरू लागला.

“मिस्टर रोलँड, मी लिहिलं म्हणून झालं का हे?”

“हो,” पेटवे म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “दोन वर्षं उशीर होतोय मला. मी म्हणायचो, डाव ओळखता आला नाही. कोचही तेच म्हणायचे. झाकली मूठ होती. शनिवारी डाव आधीच कळला आणि तरी पाय आले नाहीत. आता काय सांगू?”

ट्रेवियनने खाली राहिलेल्या गुडघ्याच्या पट्ट्या उचलून त्याच्या पिशवीत ठेवल्या.

पेटवेने पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेला आणि तिथून परत फिरला. फळ्याजवळ जाऊन त्याने खडूसारखा जाड मार्कर उचलला, आणि चौसष्ट नंबरच्या ओळीखाली एकेक अक्षर सावकाश लिहिलं: ‘गिलरी पुढे झेपावणार असला की डावी टाच उचलतो.’

ट्रेवियनने खाली आपल्या टाचेकडे पाहिलं.

“हे कधी दिसलं तुम्हाला?”

“शिबिराच्या दुसऱ्या दिवशी,” पेटवे म्हणाला. “चार आठवडे खिशात ठेवलं होतं.”