चौथ्या पट्टीचा आकडा

उलायुक कुब्लूपेक्षा तेवीस वर्षांनी लहान होती आणि ती त्याची आई होती. त्याला जन्म देणारी आई ऐन हिवाळ्याच्या तोंडावर गेली, तेव्हा तो शिकारीवर होता. परतला तर घर रिकामं. पुढच्या वसंतात शेजारी मुलगी झाली आणि तिला त्याच्या आईचं नाव मिळालं. नाव आलं म्हणजे माणूस आलं, एवढी साधी गोष्ट. तेव्हापासून सीलच्या मांसाचा पहिला वाटा तिच्या घरी जाऊ लागला, आणि बोलता यायला लागल्यापासून ती या दाढीवाल्याला ‘बाळा’ म्हणून दटावू लागली. गावात याचं कुणाला नवल नव्हतं.

नवल होतं ते तिच्या नोकरीचं. दक्षिणेला जाऊन चार वर्षं शिकली आणि परत येऊन काय करू लागली, तर बंद पडलेल्या खाणीच्या धक्क्याला समुद्राचा बर्फ किती जोराने रेटतो ते मोजू लागली. जहाजं पुन्हा लावायची तर धक्का टिकेल का, हे कुणाला तरी कळायला हवं होतं. धक्क्यासमोरच्या बर्फात लांब पात्याच्या यांत्रिक करवतीने चिरा पाडून तिने सहा पोलादी पट्ट्या उभ्या सोडल्या होत्या. त्यांच्या तारा वर धक्क्यावरच्या खोपटात जात आणि तिथल्या खोक्यावर प्रत्येक पट्टीवरच्या रेट्याचा आकडा दिसे. कुब्लूचं काम अस्वलांवर नजर ठेवायचं, बंदूक घेऊन. उरलेल्या वेळात तो खोक्याला नावं ठेवी.

“बर्फ रेटतोय हे सांगायला खोकं कशाला? माझे गुडघे सांगतात.”

“मग तुझ्या गुडघ्यांना तार जोडते, बाळा. सातवी पट्टी.”

एप्रिलातली दुपार होती, लख्ख ऊन, ओहोटी पुरती लागलेली. धक्क्याच्या भिंतीला घट्ट गोठलेला बर्फ जागचा हलत नाही, पुढचा तरंगता बर्फ मात्र पाण्याबरोबर वर-खाली होतो. दोन्हींच्या मधे लांबच लांब फट असते. ती ओहोटीला उघडते आणि भरतीला मिटू पाहते. उघडी असताना वारा तिच्यावर भुसभुशीत बर्फाचं झाकण घालून जातो, आणि मग ती दिसतच नाही. फेब्रुवारीत चौथ्या पट्टीचा आकडा शंभरावर गेला तेव्हा फट मिटली होती आणि तिच्यात विसरलेला लोखंडी पाइप चपटा होऊन निघाला होता. दोघांनी तो हातात धरून पाहिला होता आणि एकमेकांकडे न बघता स्लेजवर टाकला होता.

त्या दुपारी चौथ्या पट्टीची तार बर्फात अडकली म्हणून उलायुक ती मोकळी करायला वाकली. कुब्लू पाठ करून समुद्राकडे बघत होता.

“कुब्लू.”

तो गर्रकन वळला. नावाने ती त्याला कधीच हाक मारत नसे.

तिचा डावा पाय मांडीपर्यंत फटीत गेला होता. झाकण खचलं होतं आणि बाजूचा हातभर जाडीचा ठोकळा कलंडून तिच्या गुडघ्यावर अडकून बसला होता. कुब्लूने तिच्या काखेत हात घालून ओढलं. ती ओठ चावत म्हणाली, “नको. पाय तुटेल.” त्याने ठोकळ्याला पहार लावली. ठोकळा ढिम्म हलला नाही. खाली पाण्याचा चुळचुळ आवाज येत होता. भरती सुरू झाली होती.

“बूट भरलाय,” ती म्हणाली. “गावाला सांग.”

वायरलेसवर उत्तर लगेच मिळालं. चौघं जण जॅक घेऊन बर्फगाड्यांवरून निघत होते, पाऊण तास लागणार होता. कुब्लूने स्लेजवरची करवत उचलली आणि ठोकळा जिकडून आला होता तिकडे, चौथ्या पट्टीच्या बाजूला गेला.

“थांब. तिकडून कापलंस आणि जोर तिकडचाच असला, तर अख्खा बर्फ माझ्यावर सरकेल. वर जा. तिसरी न् चौथी बघून ये.”

“तुला सोडून?”

“शंभर पावलं आहेत रे.”

शंभर पावलं त्याला दिवसभराची वाट वाटली. लोखंडी शिडी तो दोन-दोन पायऱ्यांनी चढला. एकदा तो शिकारीवर गेला होता आणि आई गेली होती. मागे वळून पाहिलं तर फटीपाशी कुणीच नसेल, असं सारखं वाटत होतं. म्हणून त्याने पाहिलंच नाही. खोपटात खोकं शांतपणे उजळलेलं होतं. तिसरी पट्टी, चौदा. चौथी, एकाहत्तर. तो बघत असतानाच चौथीचे बहात्तर झाले.

तो परत आला तोवर तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण डोळे स्थिर होते, त्याच्यावर रोखलेले. बर्फावर भीती बोलून दाखवायची नाही, हे त्याला तिनेच शिकवलं होतं, म्हणजे आधीच्या जन्मी. समोरच्याला धीर द्यायचा.

“तिसरी चौदा,” तो म्हणाला. “चौथी तीस.”

तिने मोठा श्वास सोडला. “तीसच? मग वेळ आहे. पायाला खेटून करवत नको, ती लोकं आली की जॅक लावू.” आणि थोड्या वेळाने, “तुझं तोंड का असं झालंय? मासा घशात अडकल्यासारखं.”

“थंडी आहे.”

“टोपी नीट घाल मग.”

तो गुडघ्यांवर बसून राहिला. बर्फ कण्हत होता. ती आकड्यावर विसंबून निवांत झाली होती, आणि तो आकडा त्याने आपल्या तोंडाने बनवला होता. आता खरा किती झाला असेल? ऐंशी? नव्वद? खोक्याला त्याने हिवाळाभर नावं ठेवली, पण खोकं कधी खोटं बोललं नव्हतं. खोटं बोलला होता तो, आणि ती मरणार होती ती त्याच्या गोड बोलण्याने.

“वही माझ्या खिशात आहे,” ती म्हणाली. “लिहून ठेव. एक वाजून वीस, चौथी तीस.”

त्याने वही काढली, पेन्सिल काढली, आणि त्याचा हात पुढे जाईना.

“आई, मी खोटं बोललो. बहात्तर होते. चढत होते.”

तिच्या ओठांचा रंगच गेला. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम तिच्या डोळ्यांत आलं. पण आवाज आला तो कोरडा.

“तिसरीच्या बाजूने काप. आत्ता. माझ्या पायाकडे बघू नकोस, चिरेकडे बघ.”

करवत गुरगुरली. कुब्लूने तिसरीच्या बाजूने, तिच्या मांडीपासून चार बोटांवर, पातं आत घातलं. बर्फाचा भुगा त्याच्या तोंडावर उडत होता. पात्याखालून पाणी उसळलं तेव्हा त्याला ते रक्त वाटलं आणि तो ओरडला. ती म्हणाली, “पाणी आहे, काप.” ठोकळ्याचा कोपरा सुटला, ठोकळा बोटभर डुलला. करवत फेकून त्याने तिला मिठी मारली आणि दोघं उताणे पडले. बूट खालीच राहिला. काही क्षणांनी फट दातांवर दात आपटावेत तशी मिटली आणि बूट पुन्हा कुणाला दिसला नाही.

त्याने तिचा पाय आपल्या अंगरख्याच्या आत, उघड्या पोटाला लावला. तो बर्फाहून गार होता. बोटं पांढरी पडली होती, मेणासारखी, आणि दाबली तर दबत नव्हती.

“का रे खोटं बोललास?”

“तू घाबरशील म्हणून.”

“मी घाबरलेलीच होते,” ती म्हणाली. “तू घाबरला नाहीस असं वाटलं, म्हणून बोलले नाही.”

दूरवर बर्फगाड्यांचा आवाज येऊ लागला. तिने मान उचलून पायाकडे बघायचा प्रयत्न केला, पण अंगरख्यामुळे काही दिसलं नाही. मग ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“किती जातील?”

त्याच्या ओठांवर ‘काही नाही, सगळं ठीक होईल’ आलं होतं. ते त्याने गिळलं.

“तीन बोटं,” तो म्हणाला. “तीन तर नक्कीच. कदाचित पाचही.”

उलायुक मोठ्याने रडू लागली, तोंड न झाकता, लहान मुलासारखी. कुब्लूने आपल्या आईला असं रडताना दोन्ही जन्मांत पहिल्यांदाच पाहिलं, आणि तोही तिच्याबरोबर रडला.